कमजोरी म्हणजे आळस नव्हे

सदर : घरातले विज्ञान

आपल्या घरांत एक शब्द रोज कानांवर पडतो – 'कमजोरी'. भाभीला कमजोरी आहे, अम्मीला कमजोरी आली, दहावीतल्या मुलीला पुस्तक उघडले की कमजोरी वाटते. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. आधी ग्लुकोजचे पाणी, मग दवाखान्यात जाऊन एक 'बाटली', आणि तरीही फरक पडला नाही तर शेवटचा शेरा : "काम नको म्हणून बहाणे!"

गेल्या महिन्यात आपण दुधाचे दही कसे होते ते पाहिले. या वेळी या कमजोरीकडे पाहू. ताकद म्हणजे नेमके काय, ती शरीरात कुठे साठते आणि सुटते कशी, हे एकदा समजले की बाटलीचा खर्चही वाचेल आणि तो शेरा मारताना जीभही अडखळेल.

उसात साठलेले ऊन

आमच्या राहाता तालुक्यात ऊर्जा साठवणे म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उसाचे हिरवे पान ऊन घेते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, मुळांनी ओढलेले पाणी घेते आणि त्यांची साखर बनवते. ती साखर कांड्यात जाऊन साठते. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हापासून आपण म्हणतो की कारखान्यात साखर तयार होते. खरे तर साखर तयार होते पानात. कारखाना ती फक्त वेगळी काढतो. पोत्यात भरून येते ते एका अर्थाने साठवलेले ऊनच.

पण हा साठा कुलूपबंद नसतो. तोडलेला ऊस लवकरात लवकर गाळपाला जावा म्हणून टोळीची, गाडीवाल्याची आणि कारखान्याची एवढी धावपळ का चालते? कारण तोडला म्हणून ऊस लगेच मरत नाही. त्याच्या पेशी जिवंत असतात, श्वास घेत असतात आणि जगण्यासाठी स्वतःचीच साखर खात असतात. गाडी जितकी उभी राहील तितका उतारा कमी.

राहात्याच्या पेरूचेही तसेच. झाडावरून उतरवलेला पेरू क्रेटमध्येही श्वास घेत राहतो. गच्च भरलेल्या क्रेटमध्ये हात घातला तर आतली ऊब जाणवते. हिरवा पेरू दोन दिवसांत पिवळा आणि चार दिवसांत मऊ होतो, तो या श्वासाबरोबर आत चाललेल्या घडामोडींमुळे. फ्रिजमध्ये तो जास्त टिकतो, कारण थंडीत पेशींचा श्वास मंदावतो.

म्हणजे जिवंत असणे याचा पहिला अर्थ असा : साठवलेले अन्न सतत, थोडे थोडे खर्च करत राहणे. उसाची, पेरूची, बैलाची आणि आपली रीत एकच आहे.

कोठीत गहू, पण सुट्टे पैसे?

कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचे चिपाड पेटवले की त्यातली ऊर्जा एकदम आगीच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या शरीरात साखरेतली ऊर्जा अशी एकदम सुटली तर पेशी भाजून निघतील. म्हणून पेशी साखर पायऱ्या-पायऱ्यांनी मोडते आणि प्रत्येक पायरीवर निघणारी ऊर्जा लहान लहान हिश्शांत बांधून ठेवते. या लहान हिश्शाचे नाव एटीपी, म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. दहावीच्या मुलांना हे नाव पाठ असते. ते काय करते, हे मात्र विचारल्यावर वर्ग शांत होतो.

मी वर्गात असे सांगते. घरात गव्हाची कोठी भरलेली आहे. तरी रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याला ओंजळभर गहू देता येत नाहीत, सुट्टे पैसे लागतात. भाकरी, साखर, तेल ही कोठी. एटीपी म्हणजे सुट्टे पैसे. हात उचलायचा, पापणी मिटायची, हृदयाचा ठोका पडायचा, मेंदूने एक शब्द आठवायचा, प्रत्येक ठिकाणी पेशी एटीपीच मोजते.

या रेणूला फॉस्फेटच्या तीन गटांचे शेपूट असते. शेवटचा गट सुटला की ऊर्जा मिळते आणि मागे दोन गटांचा एडीपी उरतो. अन्नातून ऊर्जा घेऊन तो तिसरा गट पुन्हा जोडला की एटीपी पुन्हा कामाला तयार. शरीरात कोणत्याही क्षणी असलेले सगळे एटीपी गोळा केले तर ते पाव किलोच्या वर जाणार नाही. पण दिवसभरात आपण जवळपास आपल्या वजनाइतके एटीपी खर्च करतो. याचा अर्थ एकच रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि जोडला जातो. हे सुट्टे पैसे साठवून ठेवता येत नाहीत. क्षणाक्षणाला कमवावे लागतात.

या शोधात आपल्या देशाच्या माणसाचा वाटा आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत बोस्टनला गेले आणि पोटासाठी दवाखान्यात हलकी कामे करत हार्वर्डमध्ये संशोधन करू लागले. १९२७ साली सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ शोधला. एकदम जोर लावताना पहिल्या काही सेकंदांत हाच पदार्थ एटीपी भरून देतो. १९२९ साली या दोघांनी एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. सुब्बाराव यांचे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

खमीर आणि भंडारदरा

साखरेचे एटीपी होते कसे? ग्लुकोजचा एक रेणू मोडायला सुरुवात करायची तर पेशीला आधी स्वतःजवळचे दोन एटीपी खर्च करावे लागतात. मग चार मिळतात. शेतकऱ्याला हा हिशोब नवा नाही. पेरल्याशिवाय उगवत नाही. निव्वळ फायदा दोनचा. या कामाला ऑक्सिजन लागत नाही.

ऑक्सिजन न मिळाल्यास गाडी इथेच थांबते. नानच्या पिठात आपण खमीर घालतो. खमिराच्या पेशी पिठातली साखर मोडून असेच दोन एटीपी कमावतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यानेच पीठ फुगते. आपण धावत एसटी पकडतो तेव्हा पायांच्या स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही. तेही अशाच तुटपुंज्या कमाईवर ओढून नेतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होते.

ऑक्सिजन मिळाला की चित्र पालटते. पेशीत तंतुकणिका नावाच्या बारीक बारीक भट्ट्या असतात. तिथे साखरेचे उरलेले तुकडे पूर्ण मोडले जातात आणि त्याच एका ग्लुकोजपासून एकूण सुमारे तीस एटीपी मिळतात. कुठे दोन आणि कुठे तीस!

हे होते कसे, ते समजायला भंडारदऱ्याचे धरण डोळ्यांसमोर आणा. प्रवरा नदीवरची ती भिंत १९२६ साली पूर्ण झाली. भिंतीमागे पाणी उंच चढते, खाली सोडले की टर्बाइन फिरते आणि वीज होते. तंतुकणिकेच्या आत अशीच एक पातळ पापुद्र्याची भिंत असते. अन्न मोडताना मिळणाऱ्या ऊर्जेने पेशी हायड्रोजनचे कण, म्हणजे प्रोटॉन, भिंतीपलीकडे ढकलत राहते. तिथे त्यांची गर्दी होते. परत यायला त्यांना एकच दार असते आणि त्या दारात खरोखरच फिरणारे चाक असते. प्रोटॉन आत येताना ते चाक फिरते आणि एटीपी तयार होते. प्रोटॉनची ही कल्पना इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा फार थोड्यांनी ती मानली. १९७८ साली त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळाले. चाक कसे चालते ते उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ साली.

या साऱ्या यंत्रणेत ऑक्सिजनचे काम अगदी शेवटी आहे, पण तो नसेल तर मागचे सगळे तुंबते. आपण श्वास घेतो तो या चाकासाठी.

रोज्यात शरीर काय खर्चते?

सुट्टे पैसे साठत नाहीत, मग रोज्याचे तेरा-चौदा तास शरीर चालते कशावर? साठे तीन पातळ्यांवर आहेत. रक्तात फिरणारी साखर अगदी थोडी, सारी मिळून चमचाभर. त्यामागे यकृतातला ग्लायकोजेनचा साठा, सुमारे शंभर ग्रॅम. स्नायूंतही ग्लायकोजेन असते, आणि यकृताहून जास्त, पण स्नायू ते स्वतःपुरतेच वापरतात, रक्ताला परत देत नाहीत. तिसरा आणि सगळ्यांत मोठा साठा चरबीचा. एक ग्रॅम साखरेत चार कॅलरी, तर चरबीत नऊ. सहरीचे जेवण पहिले काही तास पुरते, मग यकृत आपला साठा सोडते, आणि दुपारनंतर चरबीचा वाटा वाढत जातो. निरोगी माणसाचे शरीर हे काम मुकाट्याने करते.

मधुमेह असलेल्यांचे तसे नाही. इन्शुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना साखर झपाट्याने खाली येऊ शकते, आणि मेंदू तर साखरेवरच चालतो. वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण खर्च पाचव्या हिश्शाचा. म्हणून रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांशी बोलून गोळ्यांच्या वेळा ठरवाव्यात. रोज्यात बोटाच्या रक्तावर साखर तपासत राहावे. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. बीमाराला ही सवलत दीनानेच दिली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे समजावताना संकोच नको.

ऑक्सिजन पोचवणार कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाभी पोटभर जेवते, तरी कमजोरी का?

चाकाला दोन गोष्टी लागतात, इंधन आणि ऑक्सिजन. इंधन भाकरीतून, भातातून मिळते. ऑक्सिजन पेशीपर्यंत नेते रक्तातले हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि ऑक्सिजन त्यांनाच धरून बसतो. लोह कमी तर हिमोग्लोबिन कमी, हिमोग्लोबिन कमी तर ऑक्सिजन कमी, आणि ऑक्सिजन कमी तर जरा जिना चढला की स्नायू तीसवरून दोनच्या कमाईवर येतात. छाती धडधडते, पाय जड होतात, डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. तंतुकणिकेतल्या त्या यंत्रणेच्या काही भागांतही लोह असते, तेव्हा फटका दुहेरी बसतो.

अशा बाईला ग्लुकोजची बाटली चढवली तर काय होईल? पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत ग्लुकोज असते २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे साखर. तेवढी तर दिवसभराच्या चहातूनच पोटात जाते. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकले असेल तेव्हा सलाइन जीव वाचवते, हे खरे. पण भट्टीला हवा मिळत नसताना वरून आणखी लाकडे टाकून ती पेटत नाही.

हे दुखणे किती पसरले आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत १०० मागे २५. घर एक, चूल एक, हंडी एक, मग हा फरक कुठून? दर महिन्याची पाळी, लागोपाठची बाळंतपणे, पोटातले जंत ही कारणे आहेतच. पण एक कारण दस्तरखानावरही दिसते. ज्या घरात गोश्त शिजते त्या घरातही बोट्या आधी मर्दांच्या आणि मुलांच्या ताटात पडतात, आणि वाढणारीच्या वाट्याला उरतो शोरबा आणि भात. म्हणजे इंधन उरते, लोह उरत नाही.

तांबड्या रक्तपेशीची एक गोष्ट मुलींना सांगताना माझा आवाज थोडा हलतो. ही पेशी जन्मभर सगळ्या शरीराला ऑक्सिजन वाटत फिरते, पण स्वतः त्यातला काहीच वापरत नाही. तिच्यात तंतुकणिकाच नसतात. ती त्या दोन एटीपीवर जगते आणि चार महिन्यांत संपते. रक्तपेशीची घडणच तशी आहे. घरातल्या बाईची तशी नाही.

मुंबईच्या त्या बाया

या प्रश्नाशी आपल्या समाजाचे जुने नाते आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बाया रक्तक्षयाने मरत होत्या, त्याचे कारण तिला शोधायचे होते. तिने त्यांच्या खाण्याची नोंद केली, तेव्हा दिसले की सर्वांत निकस आहार आणि सर्वांत जास्त रक्तक्षय गरीब मुसलमान बायांत आहे. भाजीपाला आणि फळे त्यांच्या ताटात जवळपास नव्हतीच. हा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नव्हता, दुसऱ्याच कशाचा तरी होता. विल्स यांनी या बायांना खमिराचा अर्क दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. नान फुगवणाऱ्या त्याच खमिरात ते औषध होते.

तो पदार्थ म्हणजे फॉलिक ॲसिड. पालकाच्या पानांतही तो असतो. आणि १९४५ साली तो प्रयोगशाळेत तयार करण्यात यश मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, एटीपीवाले. ज्यांनी पेशीचे सुट्टे पैसे ओळखले त्यांनीच रक्त भरून काढणारी गोळी शक्य केली. १९४८ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते वारले.

आज शाळेत दर आठवड्याला दिली जाणारी निळी गोळी हीच, लोह आणि फॉलिक ॲसिडची. मुली ती तोंडात धरतात आणि नळावर जाऊन थुंकतात. मळमळते म्हणून काही, तर कानांवर आलेल्या अफवांमुळे काही. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आणि अफवेला उत्तर एवढेच की गोळीतल्या दोन्ही गोष्टी पालक आणि कलेजीतही आहेत.

मग घरी काय करायचे?

पहिले, रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनची तपासणी होते. बाईचे १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजावा. त्याचे कारण डॉक्टरांनी ठरवायचे, कारण प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असे नाही.

दुसरे, गोश्त असो वा कलेजी, घरातल्या मुलीचा आणि बहूचा हिस्सा आधी काढून ठेवा. गोश्तातले लोह शरीरात सहज मुरते. गरोदरपणात मात्र कलेजी रोज नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते. गोश्त परवडत नसेल तिथे डाळी, हरभरे, मेथी, पालक आहेत.

तिसरे, जेवणाला लागून चहा नको. चहा लोहाला पोटातच अडवतो. जेवण आणि चहा यांत तासभर तरी अंतर ठेवा.

चौथे, आपल्या दारातला पेरू. भाजी-डाळीतले लोह रक्तात जायला क जीवनसत्त्व मदत करते, आणि पेरूत ते संत्र्याच्या तीन-चार पट असते. आपल्याकडच्या बागांतला सरदार पेरू, ज्याला लखनौ-४९ म्हणतात, तो १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत निवडून काढलेला. नाव लखनौचे, घर आपले. मोसमात तो सफरचंदापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो. दुपारच्या जेवणानंतर अर्धा पेरू मुलीच्या हातात द्या. शाळेतली गोळी खाण्याच्या दिवशी तर डब्यात नक्की द्या.

आणि पाचवे, ज्याला पैसा लागत नाही. पुढच्या वेळी घरातली कुणी 'कमजोरी वाटते' म्हणाली तर बहाण्याचा शेरा मारण्याआधी विचारा : तू आज काय खाल्लेस, कोणाच्या नंतर खाल्लेस, आणि तुझे हिमोग्लोबिन किती आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरात कुणालाच माहीत नसेल, तर याच आठवड्यात तिला तपासणीला घेऊन जा.